तेलदाबाचा काटा

वर्धा जिल्ह्यात जुनी मोटार बाळगणाऱ्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होत नाही, ती नवतपात होते. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरावा, पाऱ्याने ४५ अंशांची पायरी ओलांडावी, सडकेवरचे डांबर दुपारी मऊ पडावे, आणि नेमक्या अशा वेळी एखाद्या फाटकाशी गाडी उभी असता, जे इंजिन पौष-माघात निःशब्दपणे फिरत होते त्याच्या पोटातून एक बारीक, कोरडा, ठराविक अंतराने येणारा ठोका ऐकू यावा, म्हणजे त्या गृहस्थाच्या मनात जी शंका उत्पन्न होते तिचे निरसन करणारा एकही साक्षीदार समोरच्या फळीवर हजर नसतो. वेगाचा काटा शून्यावर असतो, पेट्रोलचा काटा आपल्या सवयीप्रमाणे खोटे सांगत असतो, पाण्याच्या उष्णतेचा काटा तांबड्या रेघेच्या आसपास घोटाळत असतो. आणि ज्याच्यावर या साऱ्या यंत्राचे आयुष्य अवलंबून, त्या तेलाविषयी बोलण्याचा अधिकार फक्त एका लहानशा तांबड्या दिव्याला दिलेला असतो, व तो दिवा विझलेला असतो.

माझी गाडी फियाट ११०० डिलाइट या जातीची आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही जात १९६४ साली बाहेर पडू लागली, आणि पुढे तिचेच पद्मिनी असे नामकरण होऊन मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती साऱ्या देशाच्या ओळखीची झाली. चार सिलिंडरांचे, १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला. चाल बेताची, पण स्वभाव सोशिक. वडील वकिली करीत आणि हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील पक्षकारांच्या कामासाठी हीच गाडी वापरीत. त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली. माझी स्वतःची उमेदीची वर्षे तहसील कचेरीच्या हिशेबशाखेत गेली असल्यामुळे, कोणत्याही गोष्टीचा आकडा समजल्याखेरीज तिच्यावर शेरा मारू नये ही खोड मला जडलेली आहे, आणि पुढची हकीकत घडण्यास बव्हंशी तीच कारण झाली.

या तांबड्या दिव्याची रचना मोठी साधी असते. इंजिनाच्या अंगातून तेलाचा जो मुख्य मार्ग जातो त्याला एक छिद्र पाडून त्यात एक बटण बसवलेले असते. बटणाच्या आत एक पातळ पडदा व एक स्प्रिंग. तेलाचा दाब स्प्रिंगपेक्षा भारी ठरला की विजेचा मार्ग तुटतो व दिवा विझतो, आणि दाब चौरस इंचाला पाच-सात पौंडांच्या खाली घसरला की तो मार्ग जुळून दिवा लागतो. म्हणजे दाब ८ पौंड असला काय किंवा ५० पौंड असला काय, दिव्याच्या लेखी दोन्ही सारखेच. हिशेबशाखेतल्या माणसाच्या भाषेत सांगायचे तर हा दिवा म्हणजे जप्तीचा हुकूम घेऊन थेट दारात उभा राहणारा बेलीफ आहे; आणि मला हवी होती ती रोजकीर्द. कर्ज केव्हा चढू लागले, कोणत्या महिन्यात शिल्लक घटली, हे बेलीफ सांगू शकत नाही, आणि ते सांगणे त्याचे कामही नव्हे.

ज्या मिस्त्रींकडे ही गाडी वर्षानुवर्षे जाते त्यांच्यापुढे मी तेलदाबाचा काटा बसवण्याचा बेत मांडला तेव्हा त्यांनी चेंबरखालून डोके बाहेर न काढताच विचारले, "काटा कायले पायजे साहेब? लाल लाइट हाये नं. लाइट लागली का गाडी बंद करा, झालं." दिवा लागेपर्यंत बेअरिंगे गेलेली असतील, असे मी म्हटल्यावर ते बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "आन् काटा लावला त रोज पाहत बसान तुमी. गाडी चालवान का काटा पाहान?" या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी माझ्यापाशी नव्हते, आणि तो जितका वाटला तितका अडाणी प्रश्न नव्हता हे मला पुढे समजले.

दाब मोजणाऱ्या काट्याचा इतिहास पॅरिसमध्ये सुरू होतो. यूजीन बूर्दों हा घड्याळांच्या व यंत्रांच्या धंद्यातला कसबी माणूस. नागमोडी वळवताना एक नळी चेपली गेली, तिचा मूळ आकार परत यावा म्हणून तिच्यात पंपाने पाणी दाबून भरले, तेव्हा चेपलेला भाग फुगू लागलाच, पण त्याबरोबर वळलेली नळीही सरळ होऊ पाहते असे त्याच्या ध्यानात आले. दुसऱ्या कोणी नळी टाकून दिली असती. बूर्दोंने तिचे एक टोक पक्के बांधले, दुसऱ्या मोकळ्या टोकाला तरफ व दाते जोडून काटा बसवला, आणि १८४९ साली त्या युक्तीचे पेटंट घेतले. आत दाब वाढला की चपटी, अर्धवर्तुळाकार नळी किंचित उलगडते, आणि ती उलगडण्याची यत्किंचित हालचाल काट्याच्या टोकाशी स्पष्ट दिसण्याइतकी मोठी होते. वीज नाही, दिवा नाही, काही जळण्यासारखे नाही. आजही निम्म्या जगाचे दाबमापक याच तत्त्वावर चालतात.

आमच्या जिल्ह्याला हा काटा मोटारीमुळे माहीत झाला असे मात्र समजू नये. हिंगणघाटचा कापूस एके काळी त्या गावाच्याच नावाने विलायतेच्या बाजारात विकला जाई, आणि हिंगणघाट, पुलगाव, वर्धा येथील जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत सरकी वेगळी करणारी व गठाणी दाबणारी यंत्रे वाफेवर चालत. बाष्पकाच्या कपाळावर पितळी चौकटीतला दाबाचा काटा असे, बाष्पकांविषयीचा १९२३चा कायदा व त्याखालचे तपासनीस त्या काट्याचा तपशील पाहत, आणि काटा तांबड्या खुणेकडे सरकू लागला की भट्टीवरचा माणूस कोळशाचे फावडे खाली ठेवी. तेथे काटा फार वर चढण्याचे भय होते. माझ्या गाडीत तो फार खाली उतरण्याचे आहे. एवढा फरक सोडला तर वस्तू एकच.

परंतु तेलाच्या दाबाविषयीची सर्वांत नवलाची कथा बूर्दोंची नव्हे, ती इंग्लंडातल्या बोशां टॉवर या अभियंत्याची आहे, आणि मला काटा बसवण्याचा मोह अनावर झाला तो तीच वाचून. १८८३ सालच्या सुमारास तेथील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने रेल्वेच्या डब्यांच्या आसांना होणारे घर्षण मोजण्याचे काम टॉवरकडे सोपवले. फिरता आस खालून तेलात बुडालेला, वरून अर्ध्या पितळी कवचावर भार ठेवलेला. या मांडणीत घर्षण इतके कमी निघाले की त्याचा विश्वास बसेना. पुढे वेगळ्या तऱ्हेने तेल घालून पाहावे म्हणून त्याने त्या कवचाच्या माथ्यावर आरपार छिद्र पाडले; आणि आस फिरू लागताच त्या छिद्रातून तेल खाली जाण्याऐवजी वर येऊन सांडू लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर ढकलली गेली. तेव्हा त्याने तेथे दाबाचा काटा जोडला. कवचावरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड होता, काटा २०० पौंडांपर्यंत मोजणारा होता, आणि तो पाहता पाहता आपली अखेरची खूण ओलांडून गेला.

याचा अर्थ असा की आस आणि कवच एकमेकांना स्पर्शच करीत नव्हते. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून नेत होता, चिंचोळ्या जागेत ते कोंडले जात होते, आणि त्या कोंडण्यातून उत्पन्न झालेला दाब साऱ्या भाराला उचलून धरीत होता. ऑसबर्न रेनल्ड्स याने १८८६ साली याचे गणित मांडले, आणि आजच्या बहुतेक इंजिनांची आणि अनेक पंपांची व पाणचक्क्यांची बेअरिंगे त्या गणितावर उभी आहेत. मोटारीच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष चमत्कारिक आहे. क्रँकला जो दाब खरोखर तोलून धरतो तो तेलाचा पंप निर्माण करीत नाही. तो क्रँकच्या स्वतःच्या फिरण्यातून निर्माण होतो, आणि जो काटा मी फळीवर लावणार होतो त्याला तो कधीही दिसत नाही. पंपाचे काम एवढेच की ज्या तेलाचा पडदा व्हायचा आहे ते तेल त्या जागी वेळेवर, पुरेसे व अखंड पोचते करावे. पुरवठा होतो आहे की नाही, एवढ्याचीच साक्ष काटा देतो. तरीही त्या साक्षीवाचून दुसरी साक्ष उपलब्ध नाही, कारण बेअरिंग झिजून फट रुंद झाली की तेल तेथून निसटू लागते, निसटू लागले की मुख्य मार्गातला दाब उतरतो, आणि मागची सारी कथा त्या उतरण्यातून वाचता येते.

हेन्री फोर्डच्या मॉडेल टीला हा प्रश्नच नव्हता. तिच्यात तेलाचा पंपच नसे, चाकाने उडवलेल्या तेलावर व गुरुत्वाकर्षणावर तिचे सारे भागे. उलट दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या फळीवर तेलदाबाचा स्वतंत्र काटा होता. सैन्याला आपल्या ड्रायव्हरवर दिव्याइतका नव्हे तर काट्याइतका विश्वास होता, असे म्हणायला हरकत नाही. कौटुंबिक मोटारीच्या कारखानदाराने मात्र गृहस्थाला व गृहिणीला आकड्यांचा त्रास नको म्हणून दिवा दिला. या सौजन्यात थोडा पैसा वाचवण्याचा भागही असावा, अशी मला शंका आहे.

काटा नागपूरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मिळाला: स्मिथ्स या विलायती कंपनीचा, काळ्या तबकडीचा, शून्यापासून १०० पौंडांपर्यंत मोजणारा. आपल्या देशाने १९५६ साली कायदा करून दशमान वजने-मापे स्वीकारली, तरी माझ्या फळीवर पौंड व इंच यांचे राज्य तूर्त कायम आहे. चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम म्हणजे चौरस इंचाला १४ पौंडांहून किंचित अधिक, एवढे ध्यानात ठेवले की भागते. खरी अडचण आट्यांची आली. काट्याच्या नळीचे आटे विलायती मापाचे, इंजिनावरच्या छिद्राचे इटालियन मापाचे, आणि हे दोन्ही एकमेकांत बसण्यास तयार नाहीत. बजाज चौकापलीकडच्या एका लेथवाल्याने पितळेचा टी-जोड कातून दिला, ज्याच्या एका तोंडाला जुने बटण राहिले व दुसऱ्या तोंडाला काट्याची नळी आली. दिवा काढून टाकण्याची सूचना काहींनी केली होती; मी ती मानली नाही.

नळी तांब्याची घेतली. बाजारात प्लॅस्टिकची मिळते, ती स्वस्त असते आणि दिसतेही नीटस. पण धुराड्याच्या नळकांड्याजवळून जाताना ती मऊ पडली तर चेंबरमधले तेल काही मिनिटांत गरम सायलेन्सरवर ओतले जाईल, आणि त्यानंतर काटा काय दाखवतो हे पाहायला कोणी थांबणार नाही. इंजिन हलते, गाडीचा पत्रा हलत नाही, म्हणून त्या दोहोंमध्ये नळीला दोन-तीन सैल वेटोळी द्यावी लागतात, नाही तर थरथरीने ती एके दिवशी चिरते. आणि पत्र्यातून ती आत येते तेथे रबरी बुश बसवावा लागतो, नाही तर पत्र्याची धार हळूहळू तिला कापते. ही सारी कामे मिस्त्रींनी तोंडाने कुरकुरत पण हाताने अतिशय प्रेमाने केली. गाडी सुरू झाली, तबकडीतला काटा क्षणभर विचार केल्यासारखा थबकला आणि मग चढत चढत ५०च्या पलीकडे गेला, तेव्हा ते माझ्याआधी वाकून पाहत होते.

पुढचे काही आठवडे मिस्त्रींचा प्रश्न खरा ठरला. मी गाडी चालवीत नव्हतो, काटा पाहत होतो. सकाळी थंड इंजिनावर ५०च्या वर, सेलूपर्यंत जाऊन तेल तापले की ४०च्या आसपास, आणि दुपारी परत येऊन चौकात मंद गतीने उभे राहिले की १५च्याही खाली. हा अखेरचा आकडा पाहून माझा जीव कासावीस होई. वस्तुतः त्यात घाबरण्यासारखे काही नव्हते. तेल तापले की पातळ होते. पातळ तेल फटीतून सहज वाहते. आणि इंजिन मंद फिरत असता पंपही मंद फिरतो. दर हजार फेऱ्यांना दहा पौंड दाब असला म्हणजे बस्स, असा जुन्या कारागिरांचा ठोकताळा आहे, आणि मंद गतीत हजाराच्याही आत फेऱ्या होतात, तेव्हा त्या हिशेबाने माझे इंजिन बेलाशक निर्दोष होते. आकडा कळणे आणि आकड्याचा अर्थ कळणे यांत जो काळ जातो तो मोठा अशांततेचा असतो. ज्या ठोक्याने मला या फंदात पाडले होते तो तर टॅपेटचा निघाला. पत्ती घालून फट नीट लावताच तो नाहीसा झाला. आरोपीच्या निर्दोषत्वाचा दाखलाही काट्यानेच दिला होता: ठोका होता, पण दाब ढळला नव्हता.

काट्याचा खरा उपयोग मात्र एका दिवसात होत नाही, तो उन्हाळ्यामागून उन्हाळे गेल्यावर होतो. तळेगावनजीकचा सत्याग्रही घाट चढून वर आले, गाडी बाजूला घेतली आणि इंजिन मंद गतीवर सोडले की दर वर्षी त्याच ऋतूत, त्याच जागी, त्याच प्रतीच्या तेलावर काटा कोठे उभा राहतो, हे मी एका वहीत टिपून ठेवू लागलो. एका वर्षाचा आकडा दुसऱ्या वर्षाच्या आकड्याहून फारसा निराळा नसे. पण वही उलटी चाळली की उतार दिसे. तो एकेरी आकड्यावर आला तेव्हा दिवा अजून लागला नव्हता, इंजिनाचा आवाज नेहमीसारखा होता आणि ओढही कमी झाली नव्हती. तरी मी मिस्त्रींना चेंबर उतरवण्यास सांगितले. बेअरिंगांच्या कवचावरचा वरचा थर घासून आतला पत्रा दिसू लागला होता. क्रँकवर मात्र अजून ओरखडा नव्हता. नवी कवचे घालून चेंबर चढवले. क्रँक खराब झाली असती तर ती काढून घासून आणण्यास नागपूरची वारी, पुढच्या मापाची बेअरिंगे शोधण्याची दगदग आणि मुख्य म्हणजे इंजिन पुरते खोलणे आले असते. मिस्त्रींनी जुनी कवचे हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि "टायमावर खोललं" एवढेच म्हणाले.

काही शौकिनांना हा काटा खुपतो. जुनी गाडी कारखान्यातून निघाली तशीच असावी, तिच्या फळीला एकही नवे छिद्र पडू नये, असे त्यांचे मत आहे, आणि त्याला सरकारी आधारही आहे: २०२१च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरील गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवण्याची व 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक देण्याची सोय केली, ती सांगाडा, कवच वा इंजिन यांत भरीव फेरबदल नसण्याच्या अटीवर. एक काटा लावल्याने ही अट मोडते असे मला वाटत नाही, आणि मी तर तो फळीला छिद्र न पाडता तिच्याखाली एका पत्र्याच्या पट्टीवर टांगला आहे. पण त्या नोंदणीच्या वाटेला मी गेलो नाही ते निराळ्या कारणाने. अशी गाडी रोजच्या वापरासाठी सडकेवर आणता येत नाही, आणि माझी गाडी बाजारात जाते, दवाखान्यात जाते, नातवंडांना घेऊन बोर धरणावर जाते. जी गाडी फिरतच नाही तिच्या बेअरिंगांत तो तेलाचा पडदा उत्पन्न होण्याचाही प्रश्न येत नाही.

वर्ध्यातल्या मगनवाडीवरून जाताना मात्र कधी कधी थोडा संकोच वाटतो. १९३४च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ठाणे तेथे होते. संघाचे काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली झव्हेरभाई पटेलांनी तेथेच बैलाच्या घाण्यात सुधारणा केल्या, आणि कमी श्रमात अधिक तेल देणारा तो घाणा मगनवाडीच्या नावाने देशभर गेला. दाब देऊन तेल काढण्याची विद्या ज्या गावाने इतरांना शिकवली त्याच गावात मी तेलाला दाब आहे की नाही याची चिंता करीत पेट्रोल जाळत फिरतो. जमनालाल बजाजांच्या एका फोर्ड गाडीला बैल जुंपून ती वर्धा ते सेवाग्राम चालवीत आणि गांधीजी तिला विनोदाने ऑक्सफर्ड म्हणत, अशी आठवण येथे सांगितली जाते. त्या गाडीला काट्याची गरज नव्हती हे उघड आहे. तिच्याविषयी मला आदर आहे. पण नवतपात घाट चढण्यास ती कितपत उपयोगी पडली असती, याविषयी माझे मत राखून ठेवलेले बरे.

तेव्हा ज्यांच्याकडे जुनी फियाट किंवा तिच्या पिढीची दुसरी गाडी आहे त्यांनी काटा बेलाशक बसवावा. टी-जोड पितळेचा घ्यावा, नळी तांब्याची घ्यावी, दिवा जागच्या जागी राहू द्यावा, कारण काट्याकडे लक्ष नसताना इशारा देणारा तोच आहे. आकडा पाहायचा तो सकाळी गाडी सुरू करताना आणि मोठा चढ चढून आल्यावर. मधल्या वेळी नजर सडकेवर असावी. आणि वही ठेवावी. वहीशिवाय काटा बसवणार असाल तर पैसे वाचवा, दिवा पुरेसा आहे.